पोलीस ड्युटीवर आहेत का?

चोरीला निघण्याआधी पोलीस कामावर आलेत की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. आले नसतील तर चोरी करता येत नाही. माझा भाचा रात्री दहाला जेवण उरकून कॉम्प्युटरपुढं बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती कॉप आहेत रे ड्युटीवर?" पलीकडून कुणीतरी सांगतं, "दोनच." भाचा कपाळाला हात लावतो. किराणा दुकान लुटायला दोन पोलीस पुरतात, छोट्या बँकेला चार लागतात, मोठ्या बँकेला त्याहून जास्त. प्रत्येक सर्व्हरचे आकडे वेगळे, पण तत्त्व तेच. कोरम भरेपर्यंत हा दरोडेखोर नदीवर मासे धरतो, नाहीतर कचऱ्याची गाडी फिरवतो. पोलिसांची इतक्या आतुरतेनं वाट पाहणारा दुसरा माणूस मी बीड जिल्ह्यात पाहिलेला नाही.

या प्रकाराला जीटीए रोलप्ले म्हणतात. मूळ खेळ 2013 सालचा, रॉकस्टार कंपनीचा. त्यात लॉस एंजलिसवर बेतलेलं लॉस सँटोस नावाचं शहर आहे आणि खेळणाऱ्यानं तिथं एकट्यानं धुमाकूळ घालायचा असतो. पुढं फाइव्हएम नावाची सोय निघाली. ती वापरून कुणीही हेच शहर आपल्या सर्व्हरवर उभं करावं आणि त्यात शे-दीडशे जित्याजागत्या माणसांना नांदवावं. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी मेकॅनिक, कुणी पोलीस, कुणी चोर. प्रत्येकानं माइकवर आपल्या पात्राच्या तोंडानंच बोलायचं. रॉकस्टारनं बरीच वर्षं या मंडळींकडं तिरक्या नजरेनं पाहिलं आणि 2023 साली त्यांना आपल्यात घेऊन टाकलं. आपल्याकडं 2020च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, तेव्हा हाताला काम नसलेली बरीच पोरं या शहरात राहायला गेली. मुंबईचा आदित्य सावंत, पोरांचा डायनॅमो, त्याच्या हायड्रा गटानं तर स्वतःचं हायड्राटाऊन वसवलं. ते बघून बघून आमच्या भाच्यानं धंदा निवडला. चोराचा.

दिवसा हा गृहस्थ पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या सासरी नेटला रेंज नाही आणि पळायला मैदान नाही, म्हणून तो कड्याला मामाकडं आला. दोन्ही कारणं खरी आहेत, क्रमही खरा आहे. पहाटे उठून तो 1600 मीटर पळतो, मग 100 मीटर, मग गोळाफेक. मैदानीला 50 गुण, लेखीला 100. 2024 साली राज्यात 17 हजार 471 जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागं शंभर पोरं पळत होती. पहाटे पोलीस होण्यासाठी पळायचं आणि रात्री पोलिसांपासून पळायचं, असा त्याचा दोन्ही वेळचा सराव चालतो. रात्रीचा जास्त चांगला होतो म्हणे, कारण तेव्हा मागं खरंच कुणीतरी लागलेलं असतं.

त्या शहरात शिरायला अर्ज करावा लागतो. त्यात खऱ्यासारखं वाटेल असं नाव-आडनाव, जन्मतारीख आणि पात्राची पूर्वकथा लिहायची. मग मुलाखत. भाच्याची मुलाखत चालू होती नेमकी तेव्हा आक्का माहेरी आलेली. आतल्या खोलीतून आवाज आला, "माँ-बाप बचपन में ही गुजर गए. चाचा ने जमीन हडप ली." आक्कानं परात खाली ठेवली आणि पिठाच्या हातानंच आत गेली.

"मी मेले का रं?"

"आई, तू नाही. कॅरेक्टरची आई."

"कॅरेक्टरची आई कोण मग? आन् बापाला काय झालं?"

"अपघात."

आक्का थोडा वेळ उभी राहिली. "चुलत्याचं तेवढं बरोबर लिहिलंस," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या शहरातले झाडून सगळे चोर अनाथ आहेत. अपघातात, आगीत, नाहीतर गँगवॉरमध्ये सगळ्यांचे आईबाप आधीच गेलेले. लेखकांची प्रतिभा आटली असं प्रथमदर्शनी वाटतं, पण तसं नाही. चोराला आईबाप परवडतच नाहीत. आईबाप असले की घर येतं, घर आलं की भावकी येते आणि भावकी आली की चोरी करायला कुणी अनोळखी उरत नाही.

कड्यात अनाथ व्हायची सोय नाही. हे नगर-बीड रस्त्यावरचं गाव, कांद्याची मोठी बाजारपेठ, बीड जिल्ह्यात असून बीडपेक्षा नगरला जवळ. येणारं-जाणारं माणूस भरपूर. तरी पण नवा चेहरा स्टँडवर उतरला की पहिल्या चहाच्या आत त्याला विचारलं जातं, "कुणाचा रं तू?" याचं उत्तर नुसत्या नावानं पुरं होत नाही. आजोबा, मळा, आजोळ, दिलेल्या बहिणी, सगळा सातबारा सांगावा लागतो. देवळाबाहेरून एखाद्यानं चप्पल बदलून नेली तर तो घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचलेली असते. तोंडाला फडकं बांधून उपयोग नाही, चालीवरून ओळखतात. "अमक्याचा नातू दिसतोय, आज्यासारखाच डावा पाय फेकतोय." नगरला जावं तर माळीवाडा स्टँडवर कुणीतरी कांद्याची पट्टी हातात घेऊन उभाच. पुण्याला जावं तर चाकणच्या कंपन्यांत अर्धा तालुका ओव्हरटाइम करतोय. चोर व्हायला हत्यार नंतर लागतं, आधी माणूस अनोळखी असावा लागतो. आमच्या पोरांना तेवढ्यासाठी थेट लॉस सँटोस गाठावं लागतं.

खरं तर रोलप्ले आम्हाला नवा नाही. सुगी झाली की बहुरूपी यायचे, कुणी त्यांना रायरंद म्हणतं. खाकी कपडे, शिट्टी, काखेत वही. दारात येऊन दरडावायचं, "तुमच्या नावानं वॉरंट आहे, चला चौकीवर!" मग लग्नाच्या आमंत्रणाचं असं काही उलटंसुलटं चऱ्हाट लावायचं की घरातली म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. पसाभर जोंधळे, पाच-दहा रुपये मिळायचे. मी पाहिलेले बहुरूपी बहुतेक पोलीस होते, एखादा मारुती, एखादा महादेव. चोराचं सोंग घेऊन दारात आलेला बहुरूपी मी अजून पाहिलेला नाही. पोलीस म्हणून आला तर लोक हसतात. चोर म्हणून आला तर आधी हाणतील आणि सोंग होतं का ते मागाहून विचारतील. माखनचोर हा एकच अपवाद, पण त्याचं घराणं गावात वजनदार होतं.

हौसेनं चोर होता येणं ही चैनही सगळ्यांना नसते. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पोर पाळण्यात असतानाच सरकारदरबारी चोर. 1952 साली तो कायदा रद्द झाला, शिक्का काही पुसला नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांनी 1987 साली 'उचल्या'त तो शिक्का काय असतो ते लिहिलं आणि साहित्य अकादमीनं पुढच्या वर्षी पुरस्कार दिला. एवढं होऊनही विहिरीवरची मोटार चोरीला गेली की आधी पालाकडं बोट दाखवणारी माणसं आमच्या भागात आजही भेटतात. भाच्याला चोर व्हायला अर्ज करावा लागला, मुलाखत द्यावी लागली. त्या लोकांना दोन्ही माफ होतं.

असो. मराठी रंगभूमीला मात्र एक चोर पार पूर्वीच मिळालेला आहे आणि भाच्यानं त्याचा अभ्यास करायला हवा असं माझं ठाम मत आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठीत आणलं. हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या भिंतीपुढं उभा राहून भोक कोणत्या आकाराचं पाडावं याचा शास्त्रोक्त विचार करतो. उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे सात नमुने त्याच्या पोतडीत आहेत, त्यातला तो पूर्णकुंभ पसंत करतो. मोजपट्टी घरी विसरलेला असतो, म्हणून जानव्यानं माप घेतो. वर सांगतो, की जानव्यानं माप घेता येतं, कडी काढता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात आणि साप चावला तर बोटही आवळता येतं. अंगाला एक लेप लावलेला, तो लावला की पहारेकऱ्याला माणूस दिसत नाही. दिवा मालवायला सोबत पाळीव किडा. आत स्वतः शिरण्याआधी भोकातून बाहुला पुढं सारून बघायचं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो प्रथमच माझ्या तोंडाकडं आदरानं बघत राहिला. "मामा, म्हणजे याच्याकडं इन्व्हिजिबिलिटी होती? आणि लॉकपिक फुकट?"

त्याहून पुढची गोष्ट त्याला फार आवडली. सकाळी चारुदत्त उठतो, भिंतीला पडलेलं भोक बघतो आणि काय सुरेख कोरलंय म्हणून आधी कारागिरीची तारीफ करतो. चोर आपल्या दरिद्री घरातून हात हलवत गेला नाही याचं त्याला समाधान वाटतं, गेलेला ऐवज दुसऱ्याची ठेव होती हे त्याच्या नंतर ध्यानात येतं. भाचा म्हणाला, "आमच्यात असंच असतं. लुटून झालं की ज्याला लुटलं तो म्हणतो, भावा, भारी आरपी केलास." आरपी म्हणजे रोलप्ले.

परदेशातल्या चोरांचे प्रताप तोच मला सांगतो. 1997 साली अल्टिमा ऑनलाइन नावाचा खेळ निघाला. त्यात चोरानं खरोखर दुसऱ्या खेळाडूच्या झोळीत हात घालायचा. धनी सावध असला की "गार्ड्स!" म्हणून ओरडायचा आणि शहरातला शिपाई कुठूनसा उगवून एकाच घावात चोराचा निकाल लावायचा. ना पंचनामा, ना तारीख. इव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात 2005 साली घडलं ते त्याहून बेरकी. गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या भाडोत्री टोळीनं दुसऱ्या एका कंपनीत आपली माणसं नोकरीला लावली. ती महिनोन् महिने इमानानं राबली, बढत्या मिळवल्या, तिजोऱ्यांपर्यंत पोचली आणि एके दिवशी इशारा होताच सगळी कोठारं रिकामी करून मालकिणीचं जहाजही उडवून गेली. ऐवज खऱ्या पैशात साडेसोळा हजार डॉलरच्या घरात होता. खेळ चालवणाऱ्यांनी सांगितलं, नियमात बसतं.

हे ऐकताना आमची ही, म्हणजे त्याची मामी, लसूण सोलत होती. भाच्याचे दरोडे तिला कधीच पटलेले नाहीत. सहा जण मुखवटे घालतात, बंदुका घेतात, भिंतीला स्फोटकं लावतात, हे सगळं तिला वेडगळ वाटतं. "बँक कधी बाहेरून लुटतात का? बँक कॅबिनमध्ये बसून लुटायची असते. वर एसी लावायचा. लोक पैसे आपल्या हातानं रांगेत उभं राहून आणून देतात, दीडदोन टक्के व्याज जास्त दिलं की झालं." आमच्या जिल्ह्यातल्या हात पोळलेल्या ठेवीदारांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. इव्हची गोष्ट मात्र तिनं मान डोलावून ऐकली. आधी विश्वास कमवायचा, मग चाव्या घ्यायच्या. "ही माणसं आपल्याकडची वाटतात," ती म्हणाली.

रेल्वे लुटायचा प्रकारही त्या शहरात आहे. तो ऐकून मला पोटातून कळवळा आला. नगर-बीड-परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि आमच्या कडा स्टेशनातून नगर-आष्टी गाडी धावली ती 2022च्या सप्टेंबरात. बीडला गाडी पोचायला 2025चा सप्टेंबर उजाडला. इथं एखाद्यानं तरुणपणी रेल्वे लुटायचं मनावर घेतलं असतं तर गाडी येईपर्यंत तो ज्येष्ठ नागरिक झाला असता.

त्या शहरातल्या चोराला नियम किती, हे एकदा बघण्यासारखं आहे. बंदूक रोखली गेली की घाबरावंच लागतं. न घाबरता उभा राहिला तर जिवाची किंमत ठेवली नाही म्हणून शिक्षा होते. मित्रानं फोनवरून सांगितलेली खबर पात्राला माहीत आहे असं दाखवता येत नाही. मेलात तर कुणी मारलं ते विसरून जायचं आणि सूड घ्यायला जायचं नाही. आमच्या गावात बांधाच्या भांडणात हा एक नियम आणला तरी आष्टीच्या कोर्टातली निम्मी गर्दी हटेल. आणि सगळ्यात कडक कलम म्हणजे पोलीस मागं लागले असताना खेळ बंद करून पसार व्हायचं नाही. पकडले गेलात तर पकडले जायचं.

नेमक्या त्या कलमाखाली भाचा अडकला. भर दरोड्यात, हातात नोटांची पिशवी, समोर चार पोलीस आणि कड्यातली लाईट गेली. लॉस सँटोसमधला माणूस पोलिसांच्या डोळ्यांदेखत हवेत विरघळला. दुसऱ्या दिवशी नोटीस आली, तीन दिवसांची बंदी. अपील करायचं तर लाईट गेल्याचा पुरावा जोडा. पोरानं पुढच्या वेळी लाईट गेल्याबरोबर खोलीचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, फोटो काळा दिसतोय, पुन्हा पाठवा. त्यानं बॅटरी लावून पाठवला. उत्तर आलं, फोटोत उजेड आहे, म्हणजे लाईट आहे. शेवटी त्यानं आमच्या आळीत वही फिरवून रीतसर निवेदन तयार केलं. लाईट जाते एवढं ऐकूनच लोकांनी सह्या केल्या, निवेदन कुणाला चाललंय ते एकानंही विचारलं नाही. बंदी उठली. आळीची विजेची डीपी अजून तशीच आहे.

2024 साली बीड, नगर, पुण्याच्या खेड्यांत रात्रीचे ड्रोन फिरतात आणि चोर त्यावरून घरं हेरतात, अशी हूल उठली होती. गावोगाव पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालायची. आमच्या आळीची गस्त एके रात्री खिडकीखालून चालली असताना तिला आतून स्पष्ट ऐकू आलं, "सोनाराचं दुकान आधी. गाडी मागच्या गल्लीत लाव. मामा आले की मी शिट्टी देतो." पोरांनी मला दार वाजवून उठवलं. घरात टोळी शिरलीय, सोनाराचं दुकान फोडायचा बेत चाललाय, त्यांना तुमचीसुद्धा माहिती आहे. आम्ही सगळे काठ्या परजून खोलीत शिरलो आणि त्याच क्षणी तिकडं पोलीस आले असावेत. भाचा पाठमोरा ओरडला, "मामा आले, मामा आले, पळा!" गस्तीतलं एक धाकटं पोर खरंच पळालं. बाकीचे खाली बसले, ते दरोडा संपेपर्यंत उठले नाहीत. त्या रात्री गावावर ड्रोन येऊन चहा पिऊन गेला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता.

यानंतर माझीही थोडीफार ये-जा त्या शहरात सुरू झाली. भाचा जेवायला गेला की मला खुर्चीत बसवून जातो. "मामा, नुसता उभा राहा. चार कॉप झाले की हाक मार. काही दाबू नको." असाच मी एका पेट्रोल पंपापाशी भाच्याच्या अंगात उभा होतो. मुखवटा घातलेला एक आडदांड इसम पुढ्यात आला, बंदूक रोखली आणि हेडफोनमध्ये गुरगुरला, "हाथ ऊपर. जो है, निकाल."

"निकालता," मी म्हणालो. आमची हिंदी निजामाच्या राज्यातली, तिला घाई माहीत नाही. "पण तू कहाँ का रे?"

"ए, कॅरेक्टर में रह."

"वो ठीक है. तेरी हिंदी जामखेड साइड की लगती है."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बंदूक खाली गेली. मग बारीक आवाजात, "कर्जतचा आहे. पण असं विचारत नसतात ओ, बॅन करतील."

"कर्जतला कुणाचा?"

त्यानं सांगितलं. त्याचा चुलता आमच्या बाजार समितीत कांदा घेऊन येतो, चांगला माणूस, गोणीत खाली बारका माल भरत नाही. एवढं निघाल्यावर दरोडा कुठून व्हायचा. त्यानं मला लुटलं नाही, उलट दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक सँडविच हातात ठेवून मोटारसायकलवर निघून गेला. भाचा तोंड पुसत आला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. तो मटकन खालीच बसला. "मामा, शहराचं वाटोळं केलंस तू."

त्याचं म्हणणं खोटं ठरलं नाही. कर्जतच्या पोरानं पाथर्डीच्या एकाची ओळख काढून दिली, त्यानं पाटोद्याचे दोघं आणले. मुखवट्यामागं कोण आहे हे एकमेकांना ठाऊक झालं आणि माणसं भिडेनं वागू लागली. आजोळच्या गाववाल्यावर बंदूक कशी रोखणार? परवा मी डोकावलो तेव्हा चार सशस्त्र दरोडेखोर बँकेच्या गच्चीवर पोलिसांची वाट बघत बसले होते आणि कड्याला आज कांद्याला काय भाव फुटला यावर त्यांची चर्चा रंगली होती. एकजण म्हणत होता, चाळीत ठेव, अजून आठ दिवस थांब. खालून पोलिसांची गाडी आली, सायरन वाजला. गच्चीवरून कुणीतरी हाक दिली, "दोन मिनिटं थांबा हो, भाव ऐकून घेतो."

एवढी ओळखपाळख झाल्यावर चोरीचा धंदा बसणारच होता. भाच्यानं वेळीच ओळखलं आणि त्याच शहरातल्या पोलीस खात्यात अर्ज टाकला. तिकडंही भरती असते. फॉर्म, लेखी परीक्षा, गाडी चालवायची चाचणी, तोंडी मुलाखत. फक्त पळावं लागत नाही. जागा दोन होत्या आणि अर्ज अकरा. अनुभवाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, चोरांची सखोल माहिती. पहिल्या फटक्यात निवड झाली. त्याच्या मित्रांनी हार घातलेल्या फोटोचं स्टेटस ठेवलं, "पोलीसपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त मित्रपरिवार." त्यात गावाचं नाव नव्हतं. कमरेला पिस्तूल लावलेला भाचा होता, तोही चित्रातला, पण ते स्टेटस पुढं पुढं जाताना एवढं कोण निरखून बघतं.

पुढच्या रविवारी पाथर्डीकडचे एक पाहुणे सोयरीक घेऊन दारात. मला काही सुचेना. मामी मात्र डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि अशी काही पात्रात शिरली की त्या सर्व्हरवाल्यांनी तिला बिनमुलाखतीचं घेतलं असतं.

"पोस्टिंग कुठं म्हणालात?" पाहुण्यांनी विचारलं.

"लॉस सँटोस," मामी म्हणाली.

"ते कुठं आलं? धारूरच्या अंगाला?"

"त्याच्या बरंच पलीकडं."

"क्वार्टर?"

"आहे की. समुद्राला लागून."

पाहुण्यांनी खुर्ची पुढं ओढली. समुद्र त्यांना पटला. पगार विचारला, भाच्यानं खरा आकडा सांगितला, चलन सांगायचं तेवढं मामीनं त्याला खुणेनंच थांबवलं. मग पाहुण्यांनी आवाज खाली आणला. "आणि वरचं?"

"वरचं घेता येत नाही," भाचा म्हणाला. या बाबतीत तो फार कडवा आहे. "कुणाकडून एक रुपया घेतला तरी कायमचं काढून टाकतात."

"कायमचं?"

"परत अर्जसुद्धा करता येत नाही."

पाहुण्यांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ फुंकत राहिले. "याच्या आधी काय करायचा तू?"

"चोरी."

"त्यात कसं होतं?"

"त्यात बरं होतं. बंगला होता, तीन गाड्या होत्या."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मामा, तुम्ही घरात असताना पोराला नोकरी बदलू कशी दिली?"